तिळाएवढं टोक

खोटं बोलत असेन तर माझे उरलेले चार दात आत्ताच्या आत्ता गळून पडोत. अक्षर न् अक्षर खरं आहे. ऐकताना कोणी हसेल, कोणी म्हणेल म्हातारी पुन्हा सुटली. खुशाल म्हणा. मी गेंडा आणि त्याची बायको यांच्या खालच्या मजल्यावर सव्वीस वर्षं काढली. वर खुर्ची सरकली तरी माझ्या छताला कळायचं, आणि छताला कळलं की मला कळायचंच.

तर गेंड्याचं कपाळ. त्या कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत रेघा होत्या. एक नाही, दोन नाही, मोजायला बसलं तर चहा गार व्हावा इतक्या. आणि साध्यासुध्या नाहीत, खोल. पावसात छत्रीशिवाय निघाला तर सगळं पाणी त्या पन्हळींमधून गोळा होऊन नाकाच्या शेंड्यावरून एका धारेत खाली पडायचं, गाल कोरडे ठणठणीत. एकदा त्यानं एका रेघेत नाणं उभं रोवलं, ते तसंच घेऊन चार जिने उतरला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारापुढे डोकं वाकवून म्हणाला, घ्या, सुटे आहेत. दुकानदारानं मुकाट्यानं उपटून घेतलं. मी तिथेच उभी होते, हातात साबण.

गेंडा हे त्याचं खेळातलं नाव, कारण तो पोटासाठी कुस्ती खेळायचा. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं ना, ती. चार लोखंडी खांब, दोऱ्यांचा चौकोन, भोवती तिकिटं काढून बसलेले लोक. पडणारा कुठे पडणार, उठणारा कधी उठणार, सगळं दुपारी चहा पितापिता ठरायचं. पण ठरवून पडलं तरी पाठ लाकडावरच आपटते, हे कोणी विसरू नका. गेंडा बावीस वर्षं त्यात दुष्ट होता. दुष्टाचं काम एकच. लोकांनी आपला तिरस्कार करावा असं वागायचं आणि शेवटी आपटी खायची. ते काम तो इतकं मन लावून करायचा की एकदा पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईनं दोऱ्यांखालून हात घालून त्याच्या नडगीवर छत्री हाणली. घरी येऊन तो ती नडगी बायकोला अभिमानानं दाखवत होता. "बघ," म्हणाला, "आज काम चांगलं झालं."

त्याची बायको म्हणजे आमची वहिनी. नुसती आमची नाही, साऱ्या कुस्तीच्या कंपनीची वहिनी. खेळणाऱ्यांच्या चड्ड्या, झगे, मुखवटे सगळं तीच शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं शिवणयंत्र होतं, आणि दीडदीडशे किलोची माणसं तिच्यापुढे हात वर करून, पोट आत घेऊन, पोरांसारखी उभी राहायची. ती टेप लावत म्हणायची, पोट सोडा, मला खरं माप पाहिजे. गेंड्याचा करडा झगा तिनंच शिवला होता. त्याच्या टोपीवर एक शिंग होतं, जुन्या मोज्यांनी भरलेलं. शिंग वाकडं झालं की ती आणखी एक मोजा कोंबायची. त्या घरात जोडीचा मोजा कधी सापडला नाही.

आता रक्ताचं सांगते, कारण गोष्ट त्याचीच आहे.

खेळात गेंड्याच्या कपाळावरून रक्त वाहायचं, लोकांना वाटायचं तो लाल रंग असतो. कोणी म्हणायचं तोंडात गोळी धरतात, ती फोडतात. कोणी म्हणायचं कोंबडीचं रक्त, पिशवीत. मीही वर्षभर तसंच समजत होते. मग एकदा दुपारी हळद मागायला वर गेले तर वहिनी टेबलाशी बसलेली, पुढे दाढीचं नवंकोरं पातं. तिनं त्याचा कोपरा जुन्या कात्रीनं कापला. ती कात्री त्याच एका कामाची, कापडाला कधी लावायची नाही. तो तुकडा चिकटपट्टीत गुंडाळला, गुंडाळला, आणि टोक तेवढं बाहेर ठेवलं. केवढं? तिळाएवढं. तिळाहून मोठं असेल तर हाडापर्यंत जातं, लहान असेल तर कातडीवरून घसरतं. मग तिनं ते टोक आपल्या अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढलं. नखात अडकलं की पातं चांगलं. तिच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर कायम पांढरे चरे असायचे. मला वाटायचं सुईचे आहेत.

तर रक्त त्याचंच. दुसऱ्या कोणाचं नाही, पिशवीतलं नाही. तो तुकडा वहिनी त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला बांधलेल्या पट्टीत दडवून द्यायची. जेवताना डोकेदुखीच्या दोन गोळ्या द्यायची, डोकं दुखत नसताना. त्यानं रक्त पातळ होतं, भराभर येतं. मग खेळात ठरलेल्या वेळी कोणीतरी गेंड्याला खांबावर फेकायचा. गेंडा हात मध्ये घालून आपटायचा, म्हणजे आवाज हाताचा आणि मार डोक्याला लागल्यासारखा. तो गुडघ्यावर बसायचा, दोन्ही हातांनी तोंड झाकायचा, श्वास कोंडून धरायचा आणि केसांच्या खाली, जिथे कातडी पातळ आणि खाली लगेच हाड, तिथे एकच रेघ ओढायचा. दुखत नाही म्हणायचा. घाम डोळ्यांत गेल्याएवढं झोंबतं, बस. हात काढेपर्यंत तोंड लाल. जखम नखाएवढी, पण घाम मिसळला की रक्त असं पसरतं की बघणाऱ्याला वाटावं माणूस चालला.

त्याला कंपनीतले लोक रंग म्हणायचे. आज रंग आहे का, असं एकमेकांना विचारायचे, जसं आपण विचारतो आज पाणी आहे का.

आणि कशाला? मी विचारलं होतं त्याला, जिन्यात. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि नीट सांगितलं. काकू, म्हणाला, प्रत्येक खेळाला निम्मे लोक येतात ते मनात धरूनच येतात की हे सगळं खोटं आहे. शेजारच्याला कोपर मारतात, बघ, लागलंच नाही. रंग आला की ते कोपर थांबतं. एवढ्यासाठी. पाचशे माणसांची कोपरं एकदम थांबतात, तो आवाज तुम्ही ऐकायला हवा. मी म्हटलं, थांबण्याला आवाज कसला आलाय. तो हसला, पिशवी उचलली आणि वर गेला.

बावीस वर्षं वहिनीचं एकही पातं फुकट गेलं नाही. हे ध्यानात ठेवा. दुसऱ्यांची जायची. कोणाचं घामानं पट्टीतून निसटायचं, कोणाचं मोडायचं. मग ते काय करायचे, हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. गेंड्याच्या घरात मात्र ते कधी बोलायची वेळच आली नाही.

वहिनीची नजर चाळिशीनंतर अधू झाली, तेव्हापासून सुईत दोरा ओवायचं काम गेंड्याकडे होतं. केळ्यासारखी बोटं, पण ओवायचा असा झटक्यात की मी टाळी वाजवायचे. सकाळी उठल्यावर दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवायचा, दिवसभर पुरतील म्हणून. त्या दहाच्या एकदा आठ झाल्या. मग पाच. एके सकाळी वहिनी स्वयंपाकघरातून बघत होती, तर तो खिडकीशी उभा राहून एकच सुई ओवतोय. दोरा ओला करतोय, टोक पिळतोय, पुन्हा नेतोय, आणि दोरा सुईच्या डाव्या उजव्या बाजूनं थरथरत निघून जातोय. किती वेळ? दूध उतू गेलं, तिला कळलं नाही. तो वळला तेव्हा म्हणाला, हल्ली दोरेच फुसके येतात.

तिनं उतू गेलेलं दूध पुसलं. दुपारी जाऊन मोठ्या भोकाच्या सुया घेऊन आली. त्यानंही त्या मोठ्या आहेत असं म्हटलं नाही.

डोक्यावर इतक्या वेळा आपटलेल्या माणसाचे हात असे होतात, हे वहिनीनं याआधी दोघांच्या बाबतीत बघितलं होतं. त्यातला एक आता चमचा धरू शकत नव्हता. तिनं फक्त एकदा विचारलं, कधी थांबणार. आणि तिच्या नशिबानं, की कमनशिबानं, त्याच महिन्यात कंपनीच्या मालकानं स्वतःच विषय काढला. मालक म्हणजे सतत घड्याळाकडे बघत बोलणारा माणूस. म्हणाला, वय झालं, एक निरोपाचा खेळ करू, नव्या पोराला हरवू दे तुला. नवा पोर म्हणजे सोनेरी. केस सोनेरी रंगवलेले, म्हणून सोनेरी. तिशीचा होता, पण गेंड्यापुढे पोरच. गेंड्याला काका म्हणायचा, वहिनीकडून चड्डी शिवून घेताना लाजायचा.

वहिनीनं त्या दिवशी पडदे धुतले. कोणी सांगितलं नव्हतं, पण आनंद झाला की ती काहीतरी धुवायची. एक खेळ, म्हणजे तो संपला की माणूस कायमचा घरी. पण गेंडा जेवायला बसला आणि म्हणाला, शेवटच्याला रंग आहे.

तिचा हात ताटावरच राहिला. मग तिनं समजावून बघितलं. रंगाशिवाय खेळा. तो नाही म्हणाला. मग म्हणाली सोनेरीला रेघ ओढू द्या, त्याचा हात स्थिर आहे. बरेच जण तसं करतात, समोरच्याकडून करवून घेतात. त्यावर त्यानं ठोंब्याची आठवण करून दिली. ठोंब्या त्याचा जुना जोडीदार. त्यानं एकदा आपलं कपाळ दुसऱ्याच्या हातात दिलं होतं आणि पातं कानशिलाकडे सरकलं. तिथे शीर असते. पहिल्या रांगेतल्या तीन माणसांचे शर्ट भिजले, आणि ठोंब्याची ती पापणी अजून अर्धीच उघडते. आपलं कपाळ आपणच, हा गेंड्याचा नियम होता.

"आणि हात?" वहिनी म्हणाली.

इतके महिने कोणी तो शब्द घरात काढला नव्हता. त्यानं उजवा हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवला, टेबलाखाली.

"हात त्या वेळेला ऐकतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "अगं, बावीस वर्षं मी शिव्या खाल्ल्या. तक्रार नाही, ते कामच होतं. पण एकदा मला लोक उभे राहिलेले बघायचेत. रंग आला तर उभे राहतील. नाही आला तर बसल्या बसल्या चपला शोधतील."

पुढचे आठ दिवस तिनं काय काय केलं ते मला माहीत आहे, कारण यंत्र चालू नव्हतं. चालू नसलेल्या यंत्राचा आवाज खालच्या मजल्यावर फार मोठा येतो. ती सारखी एकच चित्र बघत होती. तो तोंड झाकून बसलाय, हात थरथरतोय, आणि ते तिळाएवढं टोक भुवईवरून खाली येतंय, डोळ्यात. दिवसातून वीस वेळा, भाजी चिरताना, जिना चढताना.

खेळाच्या दिवशी दुपारी तो आंघोळीला गेला. आत पाण्याचा आवाज, गाण्याचा आवाज. वहिनीनं पातं घेतलं. कोपरा कापला. नखावरून ओढला, अडकला, नेहमीसारखा. मग तिनं ते टोक शिवणयंत्राच्या पोलादी पट्टीवर आडवं घासलं. पाच वेळा, सहा वेळा. पुन्हा नखावरून ओढलं. काही नाही, गुळगुळीत, चमच्याच्या दांड्यासारखं. तिनं ते नीट गुंडाळलं आणि त्याच्या बोटाच्या पट्टीत बसवलं, आणि तो केस पुसत समोर बसला होता तेव्हा तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

तिचा हिशोब सरळ होता. टोक लागणार नाही, रंग येणार नाही, तो दोनदा प्रयत्न करेल आणि सोडून देईल. जरा हिरमुसेल. मग ठरल्याप्रमाणे पाठ टेकेल आणि दोन्ही डोळ्यांनिशी घरी येईल. रुसला तर रुसू दे, रुसायला सगळं म्हातारपण पडलंय. बावीस वर्षं तिची पाती कधी चुकलीच नव्हती, म्हणून पातं चुकल्यावर काय करतात हे कंपनीतल्या झाडूवाल्याला माहीत होतं आणि तिला नव्हतं.

त्यानं त्या दिवशी गोळ्या चार घेतल्या. दोन तिनं दिल्या, दोन त्यानं उत्साहानं वरून.

पडद्यामागचं मला वहिनीनं सांगितलं आणि दोऱ्यांच्या आतलं सोनेरीनं. सभागृह भरलं होतं. वहिनी नेहमीच्या जागी, पडद्याच्या फटीशी. गेंडा शिंगाची टोपी घालून आला तेव्हा लोकांनी जी हुर्रेवडी उडवली ती ऐकून तिला बरं वाटलं, सवयीचं वाटलं. बारा मिनिटं खेळ ठरल्यासारखा झाला. मग सोनेरीनं त्याला दोऱ्यांबाहेर काढलं, खांबावर फेकलं. गेंड्यानं हात मध्ये घातला, आवाज झाला, तो गुडघ्यावर बसला आणि तोंड झाकलं.

तिनं आकडे मोजले. नेहमी सातपर्यंत तो हात काढायचा. ती तीसपर्यंत गेली.

त्यानं हात काढले तर कपाळावर नुसते लाल ओरखडे, मांजरानं काढावेत तसे. त्यानं पुन्हा तोंड झाकलं. पंच जवळ वाकून त्याला शुद्ध आहे का बघायचं नाटक करत विचारत होता, रंग कुठे आहे. येत नाही, गेंडा म्हणाला. आणि मग पहिल्या रांगेतला एक माणूस हसला. वाईट नव्हता तो, आपलं आलं त्याला हसू. तो म्हणाला, म्हाताऱ्याला आठवत नाहीये पुढे काय करायचं ते. ते मागच्या रांगेनं ऐकलं, तिच्या मागच्या रांगेनं. पाचशे कोपरं शेजारच्यांच्या बरगड्यांत शिरली. खोटं, खोटं, असा ताल धरला लोकांनी, टाळ्यांवर.

वहिनी फटीशी उभी होती. ती म्हणते, त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं माझं बरोबर आहे. हसू देत. हसण्यानं कोणाचा डोळा जात नाही.

गेंड्यानं सोनेरीचे केस धरून त्याला जवळ ओढला, जसं भांडणात ओढतात तसं, आणि कानात म्हणाला, "खांबाला घाल. खरं."

"काका, नको," सोनेरी म्हणाला. पातं चुकलं की काय करतात हे त्यालाही माहीत होतं.

"घाल."

सोनेरीनं त्याला धरून खांबाकडे नेलं, पण शेवटच्या पावलाला त्याचे हात आपोआप ढिले पडले. त्याला जमलंच नाही. गेंडा खांबाशी येऊन नुसता थबकला. लोक आणखी हसले. मग गेंड्यानं सोनेरीचा हात झटकला, दोन पावलं मागे आला, हात पाठीमागे बांधल्यासारखे धरले, आणि स्वतःच डोकं खाली घालून त्या लोखंडावर गेला. गेंडा जातो तसा.

तो आवाज वेगळा होता. बावीस वर्षांत तिनं हातांचे आवाज ऐकले होते. हा हाताचा नव्हता.

मग रंग आला. कपाळ, डोळे, छाती, पोटावरची जुन्या टाक्यांची शिवण, सगळीकडे. आणि ती पाचशे कोपरं थांबली. वहिनीला पहिल्यांदाच तो थांबण्याचा आवाज ऐकू आला, आणि तिला कळलं की आपण काय केलंय.

तो उठला. तो कसा उठला हे सोनेरीला अजून कळलेलं नाही. सहा मिनिटं आणखी खेळला. सोनेरी रडत होता, आणि रडतारडता त्याला मारल्यासारखं करत होता. गेंडा त्याच्या कानात पुढचं सांगत होता, आता उचल, आता पाड, आता बस माझ्या छातीवर. पंचानं तीन मोजले. घंटा झाली. आणि लोक उभे राहिले. आधी पहिली रांग, तो हसणारा माणूससुद्धा, मग सगळे. टाळ्या इतक्या की छताला टांगलेले दिवे हलत होते. गेंडा दोरीला धरून उभा राहिला आणि डोळ्यांवरचं रक्त मनगटानं पुसून बघत राहिला. एकेक बाजूला वळून, चारी बाजू बघितल्या त्यानं.

आतल्या खोलीत टाके घालायला त्यांचा नेहमीचा डॉक्टर होता. मूळचा जनावरांचा डॉक्टर. गेंडा म्हणायचा, माझ्यासाठी हाच बरोबर. डॉक्टर दोरा ओवत होता तेवढ्यात गेंड्यानं बोटाची पट्टी सोडली, पातं काढलं आणि त्याचं टोक अंगठ्यावरून ओढलं. एकदा. पुन्हा एकदा. मग त्यानं मान वर करून दाराशी उभ्या असलेल्या वहिनीकडे बघितलं.

मालक आत आला, घड्याळाकडे बघत. पातं कोणी बनवलं होतं, त्यानं विचारलं. काय झालं होतं पात्याला.

गेंड्यानं मूठ मिटली. "पात्याला काही नाही झालं," तो म्हणाला. "माझा हात थरथरतो. वर्ष झालं. कोणाला सांगितलं नव्हतं."

आणि त्यानं उजवा हात समोर धरून दाखवला, सगळ्यांना. खोलीत सगळे होते. सोनेरी, पंच, ठोंब्या अर्ध्या पापणीचा. सगळ्यांनी तो हात बघितला आणि मग जमिनीकडे बघितलं. मालक पहिल्यांदाच घड्याळ विसरला. वहिनी पुढे झाली, पण गेंड्याला ओकारी झाली, आणि मग तो तिचं नाव नीट घेऊ शकेना.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. डोक्याच्या आत रक्त सुटलंय म्हणाला, आणि ते थांबत नाहीये. याला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणी दिल्या होत्या? वहिनी म्हणाली, मी. मला तिनं सगळं सांगितलं ते त्याच बाकावर, पाठ भिंतीला टेकून. पातं, पोलादी पट्टी, पाच वेळा की सहा वेळा. मग म्हणाली, काकू, त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते रागानं बघितलं की कसं, ते मला कळलं नाही. रक्त होतं डोळ्यांत. त्यांनी मला वाचवलं मालकापुढे, पण मनात काय होतं त्यांच्या? एवढं एक त्यांनी उठून मला सांगितलं तर मी पुन्हा काही मागणार नाही.

दोन दिवस ती त्याच्या उशाशी बसून होती. हात हातात. तो उजवा हात आता अजिबात थरथरत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिला ढकलून बाहेर पाठवलं, तोंड तरी धुऊन ये म्हटलं. खोलीत मी आणि तो. बाहेर कोणीतरी गाडी ढकलत होतं, तिचं एक चाक किरकिरत होतं. आणि त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "काकू, हिला सांगा, पातं चांगलं होतं. माझाच हात चुकला." मग डोळे मिटले. वहिनी परत आली तेव्हा तिच्या कानामागे साबणाचा फेस तसाच होता. मी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती मटकन खाली बसली आणि त्याच्या पायावर डोकं ठेवून पहिल्यांदा रडली. संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, तो गेला.

याला नऊ वर्षं झाली. वहिनी अजून वरच राहते. कपडे शिवते, शाळेचे वगैरे. सोनेरी येतो, दहा सुया ओवून जातो. आणि महिन्यातून एकदा तरी ती खाली येते, माझ्या पलंगाच्या कडेला बसते, इकडचं तिकडचं बोलते आणि मग विचारते, काकू, ते नेमकं काय म्हणाले हो? मी सांगते. ती विचारते, आवाज कसा होता? मी सांगते, स्वच्छ. ती मान डोलावते आणि वर जाते.

सुरुवातीला मी म्हटलं अक्षर न् अक्षर खरं आहे, आणि ते आहेच. नाणं खरं आहे, दुकानदार हयात आहे, विचारून या. आजीबाईची छत्री खरी. हलणारे दिवे खरे. एक तेवढं माझ्या पदरचं आहे. त्यानं डोळे उघडले नव्हते. तिसऱ्या दिवशी नाही आणि त्याच्या आधीही नाही. ती तोंड धुवायला गेली होती आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते, तो माझ्याकडे बघत नव्हता, एवढंच झालं त्या खोलीत. किरकिरणारं चाक खरं आहे.

मी जन्मात कुठली गोष्ट दोनदा सारखी सांगितलेली नाही, हे वहिनीला चांगलं माहीत आहे. दर वेळी माझा पाऊस वाढतो, माणसं उंच होतात. हे एक वाक्य मात्र मी नऊ वर्षं काना-मात्रा न हलवता सांगत आलेय. एवढ्यावरून तिनं ओळखलं असणार. तरी ती विचारते, आणि मी सांगते.